झोत नेमका कुठे तयार होतो?

श्रोतेहो, सभागृहातील दिवे थोडा वेळ मालवावेत अशी विनंती करतो. माझ्या हातात दोन सेलची, बल्बवर चालणारी जुनी विजेरी आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तिला ‘बॅटरी’च म्हणत असत आणि ठाण्यात रात्री वीज गेली की ती फळीवर चाचपडत शोधावी लागे. ही मी भिंतीपासून चार बोटांवर धरतो. भिंतीवर उजेडाचे एक कडे पडले आहे आणि त्याच्या मधला भाग त्यामानाने काळपट दिसतो आहे. आता मी सावकाश मागे सरकतो. मधला काळपटपणा भरून येतो, कडे मिटते आणि दोन-तीन पावलांवर आल्यावर मध्यभागी लख्ख उजेड व त्याभोवती विरळ होत जाणारे तेज एवढेच उरते. येथून मी शेवटच्या रांगेपर्यंत गेलो तरी ही आकृती मोठी होईल, मंद होईल, पण तिची घडण फारशी बदलणार नाही. झोताला त्याचे कायमचे रूप विजेरीच्या तोंडाशी मिळत नसून काही अंतरावर गेल्यावर मिळते, आणि ते अंतर मोजता येते, हे मला आज दाखवायचे आहे.

अन्वस्तीय, म्हणजे विजेरीतल्या वाटीसारख्या खोलगट आरशाच्या नाभीवर, त्याच्या समोरच्या एका ठरावीक बिंदूवर, दिवा ठेवला की परावर्तित किरण समांतर निघतात, असे आपण शाळेत शिकलो. ते विधान खरे आहे, पण बिंदूएवढ्या दिव्यापुरतेच. बल्बमधील तापलेल्या तारेला स्वतःचे आकारमान असते आणि तिच्या नाभीवर नसलेल्या प्रत्येक भागातून निघालेला प्रकाश आरशावरून किंचित तिरपा होऊन बाहेर पडतो. हिशेबासाठी तार 1 मिलिमीटरची, आरशाचे नाभीय अंतर 10 मिलिमीटर आणि विजेरीचे तोंड 5 सेंटिमीटर रुंद धरू. बल्बच्या बुडाजवळ आरसा तारेपासून साधारण 10 मिलिमीटरवर असतो, म्हणून तेथून परतणारा प्रकाश दर मीटरला सुमारे 10 सेंटिमीटर पसरतो. आरशाच्या कडेचे तारेपासूनचे अंतर मात्र जवळपास 26 मिलिमीटर भरते, त्यामुळे कडेवरून येणारा प्रकाश दर मीटरला 4 सेंटिमीटरच पसरतो. दहा मीटरवरच्या भिंतीवर पहिल्या प्रकाशाचे वर्तुळ एक मीटरहून थोडे मोठे, तर दुसऱ्याचे सुमारे 45 सेंटिमीटरचे पडते, आणि या दोन टोकांच्या मधली असंख्य वर्तुळे एकावर एक बसलेली असतात. मध्यभागी ती सगळीच येतात, बाहेरच्या बाजूला मोजकीच पोहोचतात. झोताची कड सुरीने कापल्यासारखी न दिसता विरत जाते, ती यामुळे.

जवळचे कडेही यातूनच उलगडते. आरशाच्या तळाशी बल्बसाठी भोक असते, त्यामुळे प्रकाश आरशाच्या रुंद कड्यातून निघतो आणि मध्यावर पोहोचण्यासाठी त्याला पसरायला वाव लागतो. भोकालगतचा प्रकाश मध्यावर सुमारे 10 सेंटिमीटरवर पोहोचतो, तर कडेचा प्रकाश, पसरण कमी असल्याने, जवळजवळ 1.3 मीटरवर. तोपर्यंत आपण अंतर दुप्पट केले म्हणून मध्यावरचा उजेड चौथाई होईल असे नाही. दुपटीला चौथाईचा हा व्यस्त वर्गाचा नियम त्यानंतर लागू पडतो. म्हणूनच विजेरीची तीव्रता काही मीटर दूर जाऊन मोजावी लागते.

येथे एका गैरसमजाबद्दल बोलणे मला गरजेचे वाटते. लांबच्या भिंतीवरही मधोमध काळा डाग राहिला तर आमच्या घरी ‘सेल उतरले’ असे म्हणत आणि नवे सेल आणले जात. सेल उतरले की उजेड पिवळट आणि मंद होतो, तो मध्येच पोकळ होत नाही. तो डाग बल्ब नाभीवरून सरकल्याची खूण असते आणि ज्या विजेरीचे डोके फिरवता येते तिच्यात ते फिरवताच डाग जातो.

पावसाळ्यात ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठी उभे राहून येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या झाडांकडे विजेरी लावली, तर भुरभुरत्या थेंबांमुळे झोत हवेतच दिसतो. हाताजवळ तो नळीसारखा सरळ वाटतो आणि पुढे नरसाळ्यासारखा उघडतो. सुरुवातीला तोंडाच्या 5 सेंटिमीटर रुंदीपुढे पसरण क्षुल्लक असते, पुढे पसरणच सारे ठरवते. हल्ली बाजारात मिळणाऱ्या, पुढचे भिंग सरकवता येणाऱ्या एलईडी विजेऱ्यांत तर भिंतीवर चक्क उजेडाचा चौकोन उमटतो. तो एलईडीच्या चौकोनी चिपची प्रतिमा असतो.

खोक्यावर छापलेला पल्ला वाचतानाही हे लक्षात असावे. 2009 मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या विजेऱ्यांच्या एफएल-1 मानकानुसार, पृष्ठभागावर पडणारा उजेड 0.25 लक्सवर (लक्स हे अशा उजेडाचे एकक) उतरतो ते अंतर म्हणजे पल्ला. एवढा उजेड निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका असतो. मध्यावर 10,000 कँडेला (झोताच्या तीव्रतेचे एकक) तीव्रता असलेली विजेरी 10 मीटरवर 100 लक्स, 100 मीटरवर 1 लक्स आणि 200 मीटरवर 0.25 लक्स देते. खोक्यावरचे ‘200 मीटर’ हे असे चांदण्याचे अंतर आहे.

आता एक शेवटची गोष्ट करून पाहू. सेल उतरत आलेली, डोळ्यांना न खुपणारी ही विजेरी मी टेबलावर ठेवतो. आपण एकेक जण तिच्या अगदी समोर येऊन आरशात पाहा. जवळून बल्बभोवतीचे एक कडेच पेटलेले दिसेल आणि आरशाचा काठाकडचा भाग काळा असेल. तसेच मागे सरकत जा. ते कडे रुंदावत दीड पावलावर, म्हणजे आपण हिशेबाने काढलेल्या 1.3 मीटरच्या आसपास, सबंध तोंड उजळून निघेल. त्यापुढे कितीही मागे गेलात तरी त्या तबकडीचे स्वतःचे तेज कमी होणार नाही. ती फक्त लहान दिसत जाईल, दुप्पट अंतरावर क्षेत्रफळाने चौथाई, आणि आपल्यापर्यंत पोहोचणारा उजेडही त्याच प्रमाणात उतरेल.