मुलांना तुमचा मंगळवार सांगा

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

मी मुंबईत परळ, लालबाग, वरळी या भागात अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींसोबत काम करते. शिक्षण संपत आलेलं असतं किंवा नुकतंच संपलेलं असतं, आणि पुढे काय करायचं ते कळत नसतं. त्यांच्यासाठी एक मागणं घेऊन मी आज तुमच्यासमोर उभी आहे. मला तुमचे पैसे नकोत, थोडा वेळ हवा आहे.

गिरण्या चालू होत्या तेव्हा गिरणगावातल्या मुलाला काम म्हणजे काय ते कुणी समजावून द्यावं लागत नसे. वडील साचाखात्यात, म्हणजे मागांवर, काका त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईवर. कोण कुठल्या पाळीला डबा घेऊन निघतो हे लहान पोरालाही ठाऊक असे. वयात आला की ओळखीनं बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला कामगार, म्हणून चिकटायचं. ती व्यवस्था फार चांगली होती असं मी मुळीच म्हणत नाही. बदलीवाल्याला रोज गेटवर ताटकळावं लागे, कापसाच्या धुळीनं छाती खराब होई, आणि तुला दुसरं काही करावंसं वाटतं का, असं त्या मुलाला कुणी विचारत नसे. पण काम त्याच्या डोळ्यांसमोर होतं. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि त्यातले असंख्य पुन्हा कामावर गेलेच नाहीत. घरातला पगार गेला, हे सगळ्यांना दिसलं. मुलांना जवळून दिसणारं काम गेलं, त्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही.

आज कमला मिल, फिनिक्स ही नावं तेवढी उरलीत. त्या जमिनींवर कचेऱ्या आणि मॉल आहेत. आमच्याकडे येणाऱ्या एखाद्या मुलीचं घर तिथून दहा मिनिटांवर असतं, पण आत लोक दिवसभर काय करतात याची तिला काहीच कल्पना नसते. गेटवरून पुढे जायचं तर कार्ड लागतं. त्या इमारतीतली दोनच कामं तिला नीट माहीत असतात, वॉचमनचं आणि साफसफाईचं, कारण तिच्या घरातलं कुणीतरी ती करत असतं. अशा मुलीला आपण विचारतो, "तुला काय व्हायचंय?" ती म्हणते, "बँकेत काहीतरी." मग आपण तिला आवड ओळखायला सांगतो. जे कधी पाहिलं नाही, हाताळलं नाही, त्याची आवड ती कुठून ओळखणार? माझा राग या सल्ल्यावर आहे. तो देणाऱ्याला सोपा जातो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, माझ्यातच काही कमी आहे.

स्पर्धा परीक्षांबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण आमच्याकडच्या घरांत ती मोठी आशा आहे. वरळीत अभ्यास गल्ली आहे. घरात जागा नाही म्हणून आसपासच्या चाळींतली मुलं तिथे रस्त्याच्या दिव्यांखाली बसून अभ्यास करत आली आहेत. त्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण नियम काय आहेत बघा. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या वर्गासाठी वयाची मर्यादा 32 आणि प्रयत्न सहा. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या वर्गासाठी वय 38 पर्यंत चालतं. म्हणजे ‘अजून एकदा बसून बघू’ म्हणत दहा वर्षं सहज जातात, आणि त्या दहा वर्षांत एक दिवसही दुसरं काम केलेलं नसतं. अभ्यास सोड, असं मी कुणाला सांगत नाही, तो अधिकार माझा नाही. आईवडिलांना शेजारी बसवून आम्ही एक तारीख ठरवतो, आणि तोवर अर्धवेळ का होईना, काहीतरी काम धरायला लावतो. यात सगळ्यात अवघड असतं आईचं मन वळवणं. मुलगा कामाला लागला की साहेब व्हायचं राहून जाईल, अशी तिला भीती असते, आणि त्या भीतीला कारणंही असतात.

एका मुलाला तहसीलदार व्हायचं होतं. सगळा अभ्यासक्रम त्याला तोंडपाठ. तहसीलदाराचा दिवस कसा जातो, हे मात्र सांगता येईना. त्याला आणि त्याच्याबरोबरच्या एका मुलीला आम्ही एका निवृत्त नायब तहसीलदारांकडे दुपारभर बसवलं. काकांनी फेरफारांच्या तक्रारी, दाखल्यांसाठीची गर्दी, अतिवृष्टीनंतरचे पंचनामे, निवडणुकीच्या रात्री असं सगळं सांगितलं. मुलगा बाहेर आला तो दुप्पट उत्साहानं, आणि अजून अभ्यास करतोय. मुलगी म्हणाली, "ताई, हे माझ्यासाठी नाही." आता ती सीएची आर्टिकलशिप करते आहे. दोघांचंही भलं झालं असं मला वाटतं, आणि खर्च झाला तो काकांच्या एका दुपारचा.

आर्टिकलशिपवरून आठवलं. सीए होताना दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काम करावं लागतं, आधी तीन होती, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण माझगाव डॉकमध्ये किंवा रेल्वेच्या लोअर परळ, माटुंगा कारखान्यांत अप्रेंटिस व्हायचं म्हटलं की घरात तोंडं पडतात. खरं तर 1961 पासून त्यासाठी कायदा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांनी ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. राज्य सरकारनंही 2024 मध्ये युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, शिक्षणाप्रमाणे महिना सहा, आठ किंवा दहा हजार विद्यावेतन. अशा जागांवर शिकवणारं कुणी भेटलं तर मूल फुलतं. नाही भेटलं तर झेरॉक्स काढण्यात महिने संपतात.

आता मागणं. महिन्यातून एक तास एकाच मुलाला किंवा मुलीला द्या, आणि वर्षभर तेच मूल धरून ठेवा. तुमच्या यशाची गोष्ट त्यांना नका सांगू, ती ऐकून मुलं दबतात. तुमचा गेल्या आठवड्यातला मंगळवार सांगा. सकाळी काय हाती घेतलं, कुठे अडलात, कुणाशी वाजलं, कशाचा कंटाळा आला. पहिली नोकरी कुणाच्या शब्दावर मिळाली तेही मोकळेपणानं सांगा. आमच्या मुलांकडे नेमकी तीच ओळख नसते. नंतर तुमच्या कामातलं छोटंसं काहीतरी करायला द्या: एखादी बिघडलेली यादी नीट लावणं, राहत्या खोलीचं माप घेऊन नकाशा काढणं. जे करून पाठवतील ते वाचा आणि खरं मत द्या. मराठीतच बोला. मूल प्रश्न विचारायला लागतं ते मराठीत. आणि परदेशी बोलावून घेण्याचं आश्वासन चुकूनही देऊ नका.

सकाळपासून इथल्या तीन-चार आयांनी मला सांगितलं, "आमच्याही मुलाचं काही ठरत नाही हो." त्याला तुमच्याच मंडळातल्या दुसऱ्या कुणाच्या कामाच्या जागी घेऊन जा. स्वतःच्या आईबाबांचं काम मुलांना क्वचितच रोचक वाटतं.

घरात निवांत बोलायला कोपरा नसतो, म्हणून शनिवारी संध्याकाळी आम्ही अभ्यासिकेची एक खोली तुमच्याशी दुरून होणाऱ्या या गप्पांसाठी मोकळी ठेवतो. मुलगी असेल तर पहिल्या वेळी तिची आई सोबत बसेल, त्यांच्याशीही दोन शब्द बोला. दिवाळीनंतर सुरुवात झाली तर शेवटच्या वर्षाच्या परीक्षांआधी चार-पाच भेटी होतात. तुम्ही काय काम करता आणि मुंबईच्या वेळेप्रमाणे शनिवारी संध्याकाळी कधी मोकळे असता, एवढं कार्यकारिणीकडे लिहून द्या. सॉफ्टवेअरमधली बरीच मंडळी आम्हाला भेटली आहेत. नर्स, लॅब टेक्निशियन, इलेक्ट्रिशियन, हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारे, गोदाम सांभाळणारे कुणी इथे असतील तर त्यांनी आपलं नाव आजच द्यावं.