मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी करायचीय? आधी कंट्रोलचं बोलू

नमस्कार मंडळी! मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी करावी का, असा विचार करत असाल तर हा व्हिडिओ तुमच्यासाठी आहे. प्रवेश, फॉर्म, शिष्यवृत्ती यावर आज बोलणार नाही, ते विद्यापीठागणिक बदलतं. प्रवेश मिळाल्यावर लॅबमध्ये रोज नेमकं काय करायचं असतं, त्यावर बोलू.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये जेलवर बँड, म्हणजे डीएनएच्या तुकड्यांची रेघ, कुठे दिसणार, हे सरांना आधीच ठाऊक असतं. पीएचडीत ते कुणालाच ठाऊक नसतं, गाईडलाही नाही. बँड दिसला, तर तो खरा की फसवा हे तुम्हालाच ठरवायचंय. माझ्या मते पीएचडीत शिकायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. आपल्याच निकालावर नीट, पद्धतशीर शंका घेणं.

पीसीआरचंच बघा, म्हणजे ट्यूबमध्ये डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढायची पद्धत. प्रत्येक सायकलला डीएनए दुप्पट होतो. एका रेणूपासून सुरुवात केली, तर 30 सायकलनंतर हिशेबाने 107 कोटींहून जास्त प्रती. एवढी ताकद, म्हणून धोकाही तेवढाच. कालच्या प्रयोगातला डीएनएचा कण पिपेटमधून आज ट्यूबमध्ये गेला, तर त्याच्याही कोट्यवधी प्रती होणार. म्हणून एक ट्यूब अशी ठेवायची, जिच्यात बाकी सगळं आहे, फक्त डीएनए नाही. हाच कंट्रोल. तिच्यात बँड आला, तर त्या दिवशीचे सगळे नमुने बाद! नमुने खूप असले की ही ट्यूब गाळावीशी वाटते. कृपा करून गाळू नका.

[स्क्रीनवर: गुणसूत्र आणि त्याची टोकं]

आता मला फार प्रिय असलेली गोष्ट. 1984 साल, बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ. कॅरल ग्रायडर ही पीएचडीची विद्यार्थिनी एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या लॅबमध्ये दाखल झाली. प्रश्न असा होता की डीएनएची प्रत काढणाऱ्या यंत्रणेला गुणसूत्राच्या अगदी टोकापर्यंत पोचता येत नाही, मग पिढ्यान् पिढ्या ही टोकं झिजून संपत कशी नाहीत? त्यांनी जीव निवडला टेट्राहायमेना. एकाच पेशीचा, पण त्याच्यात चिमुकली गुणसूत्रं हजारोंनी, म्हणजे टोकंही भरपूर. जे शोधायचंय ते जिथे मुबलक असेल तिथे शोधायचं, ही निवडच मला अर्धी लढाई वाटते.

पेशींचा अर्क घ्यायचा, त्यात टोकासारखा डीएनएचा छोटा तुकडा आणि किरणोत्सारी न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएची सुटी ‘अक्षरं’, घालायचे, आणि तुकडा वाढतो का ते बघायचं. 25 डिसेंबर 1984 रोजी ग्रायडर यांनी किरणोत्सार टिपणारी फिल्म पाहिली. तिच्यावर बँडची शिडी होती, दर सहा अक्षरांनी पुन्हा तोच नमुना. टेट्राहायमेनाच्या टोकाशी नेमकी सहा अक्षरंच पुन्हा पुन्हा येतात, दोन टी आणि चार जी.

इथून पुढचा भाग नीट ऐका. एवढं दिसल्यावरही त्यांनी स्वतःलाच विचारलं, हे काम नेहमीच्याच पॉलिमरेजचं, म्हणजे डीएनएची प्रत काढणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं), नसेल कशावरून? मग त्यांनी यीस्टच्या टोकाचा तुकडा घातला. त्यालाही टेट्राहायमेनाचीच अक्षरं जोडली गेली. टोकाशी संबंध नसलेला तुकडा घातला, तो वाढलाच नाही. अशा पडताळण्या करून ‘सेल’ या शोधपत्रिकेत पेपर छापून आला डिसेंबर 1985 मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षाने. पुढे आरएनए तोडणारं विकर घातल्यावर हे काम थांबतं, असंही दिसलं, कारण टोकं वाढवणारं हे विकर, म्हणजे टेलोमरेज, आपला साचा, म्हणजे आरएनए, सोबतच बाळगतं. 2009 चं नोबेल ग्रायडर, ब्लॅकबर्न आणि जॅक शॉस्टॅक यांना मिळालं. ती शिडी दिसली, तेव्हा ग्रायडर अजून विद्यार्थिनीच होत्या!

प्रत्येकाला शिडी दिसत नाही, हेही खरं. क्लोनिंग, म्हणजे हवा तो डीएनएचा तुकडा दुसऱ्या डीएनएत जोडून वाढवणं, महिनोन् महिने अडतं. एखादं प्रथिन शोधायला वापरलेली अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटते, आणि ज्या पेशींमध्ये हव्या त्या प्रथिनाचं जीनच काढून टाकलंय, त्यांच्यावर तपासल्याशिवाय हे खात्रीने कळतही नाही. अशा वेळी कामाला येते लॅब नोटबुक. कुठल्या लॉटचं एन्झाइम, कुठला बफर, काय बदललं, सगळं त्याच दिवशी लिहा. व्हायवात परीक्षक सुंदर आकृती बाजूला ठेवून विचारतात, ‘याचा कंट्रोल कुठाय?’

म्हणून विषय ठरवताना गाईडला सरळ विचारा की उत्तर ‘नाही’ असं आलं, तरी थिसिसमध्ये लिहिण्यासारखं काही उरेल का? उरत नसेल, तर तो प्रश्न एकट्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडू नये, असं मला मनापासून वाटतं. गाईड समोर नसताना लॅबमधल्या विद्यार्थ्यांशीही बोला. सरांच्या किंवा मॅडमच्या कल्पनेला छेद देणारा डेटा तुम्ही मीटिंगमध्ये दाखवता, तेव्हा काय होतं? यावर कुणीच मोकळेपणाने बोलत नसेल, तर विषय कितीही आवडीचा असो, दुसरी लॅब बघा.