समोरची काच

नाना पेठ, पुणे. सकाळचे साडेदहा. मुलांना शाळेत सोडून ही पांढरी ओम्नी आत्ताच गॅरेजसमोर लागलीय. काचेवरची रेघ बघा. सुरुवात खाली, उजव्या कोपऱ्यात. खडी वाहणाऱ्या डंपरमागून एक खडा उडाला आणि तांदळाच्या दाण्याएवढा टवका पडला. तेव्हाच त्यात रेझिन भरलं असतं, तर बहुधा तो तिथेच थांबला असता. आता रेघ ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरून पार पलीकडे गेलीय. काच बदलायलाच हवी.

व्हॅनवाल्या काकांनी दुपारची फेरी आज दुसऱ्याला दिलीय.

मारुतीने ही व्हॅन 1984 साली आणली आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबवलं. रुग्णवाहिका, भाजीची गाडी, शाळेची व्हॅन, सगळं तिने केलं. तिला बोनेट नाही. 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली. ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे पत्रा, चेहऱ्यापुढे काच, आणि त्यापुढे थेट रस्ता. म्हणून या गाडीच्या काचेत काटकसर करू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

ही बाजूच्या दाराची फुटलेली काच. टफन. फुटली की साबुदाण्यासारखे दाणे होतात आणि चौकट रिकामी राहते. पुढची काच वेगळी, लॅमिनेटेड असते. काचेचे दोन थर, मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा, जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. मिस्त्री जुन्या तुकड्यावर हातोडी मारतात. जाळं पडलं, पण तुकडा हातातच राहिला. या कल्पनेची गोष्ट 1903 सालची सांगतात. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत काचेचा चंबू खाली पडला. तडकला, पण विखुरला नाही. आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थराने तुकडे धरून ठेवले होते. 1909 मध्ये त्याने पेटंट घेतलं. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढची काच लॅमिनेटेड असण्याचा दंडक आहे. तिच्यातून निदान 70 टक्के प्रकाश आरपार यायला हवा.

आता भिंतीला टेकवलेल्या या तीन काचा.

पहिली जुन्या बाजारातली, भंगारात गेलेल्या व्हॅनची. स्वस्त आहे, कंपनीची आहे, मापालाही बसते. पण मिस्त्री ती उन्हात तिरकी धरतात, तेव्हा बघा. वायपरने कोरलेला अर्धगोल दिसतो. वर्षानुवर्षांच्या धुळीने टोचलेले बारीक ठिपके दिसतात. आणि ही दुधाळ कड. पापुद्रा काचेपासून सुटायला लागलाय. संध्याकाळी समोरून दिवा आला की हे सगळं एकदम पेटतं.

दुसरी नवी कोरी. काकांचा हात तिच्याकडेच गेला होता. मिस्त्रींनी ती उभी धरली आणि म्हणाले, "काका, हिच्यातून समोरचं शटर बघा." आम्हीही कॅमेरा तिथेच लावला. रस्त्यापलीकडच्या दुकानाचं बंद शटर, त्याच्या आडव्या सरळ पट्ट्या. मिस्त्री काच हळूच डावीकडे, उजवीकडे सरकवतात. "शटर नाचतंय, दिसलं?" पट्ट्या लाटांसारख्या हलतात. शटर जागेवरच आहे, खोट काचेत आहे. तासन्‌तास अशा काचेतून बघत गाडी चालवली की डोकं का दुखतं, ते इथे कळतं. तिच्या कोपऱ्यात शिक्काही नाही.

तिसरीच्या कोपऱ्यात आहे. बनवणाऱ्याचं नाव, लॅमिनेटेड हा शब्द आणि आयएस 2553, म्हणजे सुरक्षित काचेचं भारतीय मानक. शटर सरळ दिसतं. काका खाली वाकून शिक्क्यावरून अंगठा फिरवतात. "हीच लावा."

आता जुनी काच निघतेय. आजच्या बहुतेक मोटारींत काच पीयू सीलंटने चिकटवलेली असते, ओम्नीत ती रबराच्या बीडिंगमध्ये बसते. मिस्त्री ब्लेडने रबराची बाहेरची कड कापतात, आतून गॅरेजमधला मदतीचा मुलगा तळहातांनी दाबतो, काच सुटते. आणि खालच्या कोपऱ्यात हा गंज. रबराखाली पाणी साचून पत्रा फुगलाय. यावर नवी काच बसवली तर फुगवटा कडेला टोचत राहील आणि खडा न लागताही काच तडकेल. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, मग रेडऑक्साइड, गंज रोखणारा रंग. तो वाळायला रात्र गेली.

दुसरा दिवस. रबरही नवं घेतलंय. जुनं कडक झालं होतं, ते कितीही ओढलं तरी पावसात गळणारच. नवं रबर काचेभोवती चढतं. पत्र्यात बसणाऱ्या खाचेत मिस्त्री दोरी भरतात, सगळीकडून, आणि दोन्ही टोकं खाली मधोमध आत सोडतात. साबणाचं पाणी लावतात. काच बाहेरून चौकटीला टेकते. बाहेर मिस्त्रींचे तळहात, आत मुलगा दोरी धरून.

"सोड."

दोरी निघत येते, तिच्यामागे रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटतो, बोटभर, मग आणखी बोटभर. कोपऱ्यावर अडतं. मिस्त्री बाहेरून थापटतात, मुलगा दोरीचा कोन बदलतो. आतला ओठ चटकन बसतो. घाई केली तर काच इथेच जाते.

मग डॅशबोर्डवर वर्तमानपत्राची घडी ठेवून बाहेरून बादलीभर पाणी. कागद कोरडा. वायपरची पातीही नवी घातली, जुन्या पातीने पहिल्याच पावसात नवी काच ओरखडली असती.

काकांचा विमा थर्ड पार्टीचा, त्यात काच येत नाही. पैसे खिशातले, फेऱ्याही बुडाल्या.

तिसऱ्या दिवशी सव्वासहाला पहिला हॉर्न. दप्तरं आत येतात, दार सरकतं. व्हॅन पूर्वेकडे वळते आणि सूर्य थेट काचेवर येतो. पुढचा सगळा रस्ता दिसतोय.