नमुन्याविना वाकळ

या वाकळेकडे, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधडीकडे, जरा निरखून बघा. एका अंगाला इरकलीचा तांबडा पदर, त्याला लागून धोतराची पांढरी पट्टी आणि मधेच शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा. हा नमुना कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही.

कोल्हापूरच्या पेठांत, करवीर-पन्हाळ्याच्या गावांत बायका वाकळ अशीच शिवत आल्या. जमिनीवर जुनं लुगडं ताणून अंथरायचं, कडेला दगड ठेवायचे, वर थर चढवायचे. लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. उठण्या-बसण्यानं मधलं कापड विरतं, काठ मात्र धड राहतात. मग विरलेलं आत जातं, काठ-पदर वर येतात. कुठं काय लावायचं, याची निम्मी उत्तरं त्या झिजेतच असतात.

मग धावदोरा. कडेपासून सुरुवात, आणि चौकोनात चौकोन घालत आत. कडा आधी पक्क्या होतात, पण कापडाचा फुगवटा मध्याकडे सरकत राहतो. दर फेरीला तो हातानं सारखा करावा लागतो. मधे कुठला तुकडा बसवायचा, हे तिथं पोचल्यावरही ठरवता येतं. मला तर सगळ्या कामातलं खरं धाडस तिथंच दिसतं.

कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकाही कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेकडूनच आत शिवतात, आणि कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. तिकडे अमेरिकेत, अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायका स्वतःच्या मनानं रचलेल्या गोधडीला ‘माय वे’ म्हणतात. २००२ साली त्यांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या, २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. आपल्या वाकळेकडेही त्याच नजरेनं बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

स्वतः रचायला बसाल, तर टाक्याची घाई करू नका. तुकडे मांडा, उभं राहून बघा. मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढा; रंग बाजूला पडले की गडद कुठं साचलंय ते लगेच दिसतं. नवं सुती कापड आधी धुऊन घ्या. जुनं आटून गेलेलं असतं, नवं नंतर आटतं आणि चुण्या पडतात. सिंथेटिक साडी सुईखाली सरकते, तिला आधी लांब कच्चे टाके घाला. थर मात्र सुई आरपार सहज जाईल इतकेच ठेवा.