भुसा झाडूनं निघतो, धूळ नाही

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात घरच्या घरी सुतारकाम करणारी हौशी मंडळी हल्ली बरीच वाढली आहेत. कुणी गाडी बाहेर उभी करून गॅरेज मोकळं केलंय, कुणी मागच्या पडवीला पत्रा मारलाय. पाट, चौरंग, देव्हारा असं काहीबाही चालू असतं. चांगला छंद आहे. मोबाइलवर दिवसभर दुसऱ्याचं सुतारकाम बघत बसण्यापेक्षा तर शंभर पटीनं चांगला. पण लाकूड कापलं की धूळ आलीच. ती ओढायला यंत्र कोणतं घ्यावं, एवढंच आज बोलायचं आहे.

पायाशी पडतो तो भुसा. तो झाडूनं निघतो. जी धूळ तासन् तास हवेत तरंगते, केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याहून बारीक असते, ती झाडूला सापडत नाही आणि नाकातल्या केसांनाही दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली, ती नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगामुळं. म्हणून यंत्र घ्यायचं ते या न दिसणाऱ्या धुळीसाठी. भुसा काय, तो बोनस.

आता आमच्या आण्णांची गोष्ट सांगतो. आण्णा बँकेतून निवृत्त झाले, विश्रामबागेत राहतात. जुन्या वाड्याच्या तुळया विकत आणून त्याचं सागवान चिरायचं, हा त्यांचा उद्योग. धूळ ओढायला घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावला, तर दहा मिनिटांत त्याचा फिल्टर चोंदायचा. आण्णा तो अंगणात आपटायचे, वहिनी आतून ओरडायच्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर सागवानी रंग चढायचा.

एक दिवस वहिनींनी त्यांना हळकुंडं दळून आणायला गिरणीत धाडलं. राजापुरी हळकुंडं, घरी उन्हं दाखवून ठेवलेली. (सांगलीत राहून पाकिटातली हळद आणणाऱ्या घरांचं मला काही कळतच नाही. असो.) आण्णा नंबर लावून उभे. समोर पल्वरायझर घरघरतोय, आणि आण्णांची नजर गेली वर. पत्र्याचा उलटा शंकू, त्याच्या डोक्यावरून निघालेली लांबच लांब कापडी पिशवी, टम्म फुगलेली.

"मामा, हे वरचं काय?"

"ह्यो सायक्लोन. हवा बाजूनं तिरकी आत शिरती, गरागरा फिरती. पीठ जड, ते कडंला घासत खाली येतंय. हवा मधल्या पायपातनं वर जाती."

"आणि पिशवी एवढी लांब कशाला?"

"आखूड केली तर हवा जाईल कुठनं? मग मशीनच उलटं फेकतंय. सगळी पेठ पिवळी हुईल!"

आण्णांनी खिशातली लग्नपत्रिका काढली आणि तिच्या पाठीमागं शंकूचं चित्र काढलं. मापं विचारली, शंकूला हात लावून पाहिला, मामांनी पिशवी काठीनं झटकून दाखवली तीही पाहिली. आनंदात घरी आले. वहिनींनी हात पुढं केला, आण्णांनी लग्नपत्रिका दिली. हळद गिरणीतच! ती वहिनींनी स्वतः जाऊन आणली आणि येताना मामांनाही चार शब्द ऐकवले.

पण आण्णा हटले नाहीत. पत्रेवाल्याकडून जी.आय. पत्र्याचा शंकू करून घेतला, खाली रंगाची रिकामी बादली, वर व्हॅक्यूम क्लीनर. पहिल्याच दिवशी नळीत सागवानाची ढलपी अडकली. आत हवा यायची थांबली, ओढ मात्र चालूच. फटकन् आवाज झाला आणि बादली पोटात पचकली. वहिनी म्हणाल्या, "गिरणीतल्या मामांना बोलवा आता." मग आण्णांनी जाड भिंतीचा ड्रम आणला. आज नव्वद टक्क्यांहून जास्त भुसा त्या ड्रममध्येच पडतो, फिल्टर चोंदायचं नाव नाही. आण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला ड्रमचं झाकण उघडून दाखवतात. चहा नंतर.

तर श्रोतेहो, निवड कशी करायची? हातात धरायचा घासायचा सँडर, खाचा पाडायचा राउटर, छोटा कटर असेल, तर चांगला व्हॅक्यूम क्लीनर आणि मध्ये सायक्लोन. बस्स. त्याची ओढ जोरदार, पण हवा थोडी, मिनिटाला शंभर-दीडशे घनफूट. रंधा मशीन किंवा टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली गोल करवत, असेल तर हे पुरणार नाही. तिथं चार इंची नळीचा डस्ट कलेक्टर, म्हणजे मोठ्या पंख्याचं धूळ ओढायचं यंत्र, लागतो आणि त्या नळीतून मिनिटाला साडेतीनशे घनफूट तरी हवा वाहायला हवी. दुकानदार हॉर्सपॉवर सांगेल. तुम्ही हवा विचारा. पुन्हा सांगतो, हवा विचारा. खोक्यावरचा आकडाही बहुतेक वेळा नळी न लावता मोजलेला असतो, तेव्हा त्यातून बरंच वजा धरा.

नळी जितकी आखूड तितकी बरी. काटकोनातला एल्बो, म्हणजे नळीचं वळण, टाळा, त्याऐवजी पंचेचाळीस अंशाचे दोन घाला. आणि कलेक्टरची पिशवी? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तीस मायक्रॉनची स्वस्त पिशवी म्हणजे भुसा आत ठेवून नेमकी वाईट धूळ खोलीभर फवारणारं यंत्र. एक मायक्रॉनचा फिल्टर घ्या, पैसे तिथं घाला. खात्री करायची असेल तर रात्री दिवे मालवा, यंत्र चालू करा आणि बॅटरीचा झोत पिशवीवर मारा. सगळं दिसतं.

वायरिंगचं थोडक्यात. करवत आणि कलेक्टर एकदम चालणार, तेव्हा दोघांना वेगवेगळे सोळा अँपिअरचे पॉइंट घ्या. आणि यंत्र कितीही भारी असलं तरी एन-९५ मास्क हवाच. काम थांबल्यावरही लगेच तो काढू नका, धूळ अजून खाली बसलेली नसते.

जाता जाता, साठलेल्या भुशाचं. आपल्याकडं अजून बंब पेटतात, त्यात तो घालायचा मोह होतो. प्लायवूडचा, एमडीएफचा (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचा) भुसा मुळीच घालू नका, त्यात फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो. साध्या लाकडाचाही मूठ भरून पेटत्या बंबात भिरकावू नका; बारीक धूळ हवेत पसरली की भडका उडतो. सागवानाचा भुसा किंचित ओला करून पोत्यात भरा आणि पोतं घराबाहेर ठेवा.

नमस्कार.