'द', 'ड' आणि बाळाची जीभ

ठाण्यात नौपाड्यातलं एक घर. आठ महिन्यांचं बाळ आजीच्या मांडीवर. आजी 'बाबाबा' म्हणतेय आणि बाळ टक लावून बघतंय तिच्या ओठांकडे. चौथ्या महिन्यात बाळं बोलणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त बघतात. बडबड सुरू होते त्या सुमारास, आठव्या ते दहाव्या महिन्यात, नजर ओठांवर उतरते.

ओठ आणि आवाजाची सांगड मात्र त्याआधीच बसलेली असते. १९८२ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि अँड्र्यू मेल्टझॉफ या संशोधकांनी साडेचार महिन्यांच्या बाळांना शेजारी-शेजारी दोन चेहरे दाखवले. एक 'आ' म्हणणारा, दुसरा 'ई'. ऐकवला एकच स्वर, तोही दोघांच्या मधून. बाळं जास्त वेळ बघत राहिली ती त्या स्वराशी जुळणाऱ्या तोंडाकडे.

२०१५ चा प्रयोग तर मराठी कानाला फारच जवळचा आहे. कॅनडातल्या इंग्रजी घरांमधल्या सहा महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'द' आणि 'ड' ऐकवले. 'द' म्हणताना जिभेचं टोक दातांना टेकतं, 'ड' म्हणताना ते मागे वळून टाळूला लागतं. इंग्रजीत हा भेद नाही, तरी या वयात बाळांना तो कळतो. मग जिभेचं टोक दाबून ठेवणारं चपटं टीदर (बाळाला चावायला देतात ते खेळणं) तोंडात धरलं, आणि फरक कळेनासा झाला! हिरड्यांत बसणारं, जीभ मोकळी ठेवणारं टीदर दिलं, तेव्हा तो कळला. म्हणजे ऐकताना बाळाची स्वतःची जीभही कामाला लागलेली असते. टीदर खुशाल द्या, पण गप्पांच्या वेळी तोंड मोकळं राहू द्या.

तान्ह्या बाळाशी बोलताना चेहरा वीत-दीड वीत अंतरावर हवा. खिडकीकडे पाठ करून बसलात तर चेहऱ्यावर अंधार येतो, ओठ दिसतच नाहीत.

आणखी एक. ऐकू कमी येणारं बाळही समोरचे ओठ हलताना बघून हसतं, आणि घरच्यांना वाटतं, कान ठीक आहेत. म्हणून हाक मागून मारा. टाळी कानाजवळ वाजवू नका, नुसत्या वाऱ्याच्या झोतानेही बाळ वळतं. घरच्या या पारखीवर थांबू मात्र नका. पहिल्या महिन्यात ओएई किंवा बेरा ही तान्ह्या बाळाचं ऐकणं तपासणारी चाचणी आणि शंका राहिली तर तिसऱ्या महिन्याच्या आत पूर्ण तपासणी व्हायलाच हवी.