पट्टी खालची घ्या, सगळ्यांना गाऊ द्या

नमस्कार मंडळी. मुलीकडे परदेशात आलो तर इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी पकडून माईकसमोर उभं केलंय, त्यामुळे बोलणं जरा इकडेतिकडे जाईल, सांभाळून घ्या.

मी ठाण्याचा. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली पॅसेंजर गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली, हे ठाणेकर कुठेही गेला तरी सांगतोच, मीही सांगून टाकलं. त्याच लाईनवर सकाळच्या लोकलमध्ये आमचं भजन चालायचं. पिशवीतून टाळ निघायचे, गर्दीत पखवाज कोण आणणार, मग डब्याच्या पत्र्यावरच ठेका. एकाने धृपद, म्हणजे अभंगाची परत परत येणारी ओळ, टाकलं की बाकीच्यांनी झील धरायची, म्हणजे तीच ओळ मागून म्हणायची. आमच्यातला एक तर देवच मानत नव्हता, पण ताल त्याचाच सगळ्यात पक्का!

आमच्यातल्याच एकाची बायको गेली. बऱ्याच दिवसांनी तो गाडीत आला, आम्ही काय बोलणार, खिडकीची जागा दिली आणि हातात टाळ दिले. नेहमीचा अभंग लागला, दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाजच फुटेना, पण हात चालू होता. आम्ही पुढे गेलोच नाही, तीच ओळ परत परत घेत राहिलो, मुलुंड गेलं, भांडुप गेलं, विक्रोळी गेली आणि घाटकोपरच्या जरा अलीकडे त्याने ओळ उचलली. एकट्याने गाताना गळा दाटला की गाणं थांबतं हो, चारचौघांत थांबत नाही.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2013 मध्ये एकत्र गाणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते बरोबरीने कमी-जास्त होत होते. ओळ संपली की सगळे एकदम श्वास घेतात, लांब ओळीत तो सावकाश सुटतो आणि ठोके श्वासामागे जातात.

आता इथलं. कराओके छान असतो, पण एक गातो आणि बाकीचे मोबाईल धरून बसतात. महिन्यातला एक शनिवार भजनाला द्या. माईक नको. पट्टी खालची घ्या, म्हणजे सूर फार वर नेऊ नका, नाहीतर दोघंतिघं गातात आणि उरलेले नुसत्या टाळ्या वाजवतात. मुलांना मराठी वाचता येत नसेल तर धृपद इंग्रजी अक्षरांत प्रोजेक्टरवर लावा आणि हातात टाळ द्या. दोन जोड मी आणलेत, कस्टम्सवाल्याला वाजवून दाखवावे लागले. ते मंडळाच्या कपाटात ठेवून जातो, कोण कोण येणार त्यांनी बाहेरच्या टेबलावर नावं लिहा.